किती दुरून पाहावे?
(वन्यजीव छायाचित्रणासाठी टेलिफोटो भिंगाची निवड)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मल्हारगंजातील याच शाळेत मला चित्रकला शिकवली. मी चित्रकार झालो नाही. आयुष्यभर मराठी शिकवले आणि फावल्या वेळी कॅमेरा गळ्यात अडकवून इंदूरच्या आसपासची तळी आणि माळ पालथे घातले. येत्या हिवाळ्यात आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहीजण कान्ह्याला जाणार आहेत. ‘सर, भिंग कोणते घ्यावे?’ असा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता आले असते. परंतु या प्रश्नाशी माझ्या आयुष्यातली एक जुनी बोच जोडलेली आहे आणि ती गुरुजींखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती. म्हणून आजच्या व्याख्यानाला हाच विषय घेण्याची परवानगी मी मागितली.

गुरुजी आम्हांला वर्गाबाहेर काढून बोलिया सरकारांच्या छत्रीसमोर बसवीत. छत्रीच्या कोरीव कामावर पारवे बसलेले असत. ते काढायचे असत. आम्ही मुले पुढे सरकत असू आणि पारवे उडून जात. गुरुजी म्हणत, ‘तू जवळ गेलास म्हणून तुला पारवा दिसला नाही, त्याचे उडणे दिसले.’ त्या वेळी आम्हांला हे वाक्य गमतीचे वाटे.

आता भिंगाकडे वळू. टेलिफोटो भिंग दूरची वस्तू जवळ आणते असे आपण म्हणतो. वस्तुतः ते काहीच जवळ आणत नाही. ते दृश्याचा एक लहानसा तुकडा निवडते आणि तेवढ्यानेच चौकट भरते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या, म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या चौकटीवर ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग कर्णरेषेवर सुमारे ४७ अंशांचा प्रदेश दाखवते. ५०० मिलिमीटरचे भिंग जेमतेम ५ अंशांचा. प्रतिमेचा आकार काढण्याचे गणितही शाळकरी मुलाला यावे इतके सोपे आहे. प्राण्याची उंची भिंगाच्या नाभीय अंतराने गुणावी आणि आपल्यापासून त्याच्या अंतराने भागावे. जे उत्तर येईल तितकी त्याची प्रतिमा फिल्मवर किंवा आजच्या संवेदकावर उमटते.

हे गणित कान्ह्याला लावून पाहू. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पर्यटकांच्या वाहनाने वन्य प्राण्यांपासून २० मीटरांहून अधिक अंतर राखले पाहिजे. वाघाची खांद्यापाशी उंची सुमारे एक मीटर धरू. २० मीटरांवर २०० मिलिमीटरच्या भिंगाने त्याची प्रतिमा १० मिलिमीटर उंच येते. २४ मिलिमीटरच्या चौकटीत ती पुरेशी आहे, आणि वाघाभोवतीचे सालवनही दिसते. ४०० मिलिमीटरने ती २० मिलिमीटर होते, आणि वाघ आडवा उभा असेल तर तो शेपटीसकट चौकटीच्या रुंदीत मावत नाही. ६०० मिलिमीटरचे भिंग घेऊन गेलेल्याला त्या क्षणी वाघाचा फक्त पुढचा भाग मिळेल. कान्ह्याच्या कुरणातले बारशिंगे मात्र ८० मीटरांवर चरत असतात. तेथे ४०० मिलिमीटर लावले तर बारशिंग्याचे अंग चौकटीच्या उंचीचा चौथा हिस्सा व्यापते. त्याच्याबरोबर कुरण, धुके आणि मागची वनराई आली, तर मला तो तोटा वाटत नाही. १९७० च्या सुमारास कान्ह्यात हे बारशिंगे अवघे ६६ उरले होते. ज्या कुरणांनी त्यांना पुन्हा जगवले, ती कुरणे चित्रात असावीत हे उचितच आहे.

म्हणून कान्ह्याला जाणाऱ्यांना माझे सांगणे असे की, १०० ते ४०० किंवा १०० ते ५०० मिलिमीटर असे नाभीय अंतर बदलता येणारे एकच भिंग न्यावे. त्याचे वजन साधारण दीड किलो असते आणि ते हातात धरता येते. जीपमध्ये भिंगे बदलण्याच्या फंदात पडू नये. धूळ आत जाते आणि प्राणी निघून जातो. ज्यांचा कॅमेरा लहान संवेदकाचा आहे त्यांना ४०० चे भिंग ६०० इतकी चौकट देईल. मात्र त्यात भिंग लांब होत नाही, चौकट लहान होते, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरा विचार प्रकाशाचा. भिंगावर लिहिलेला एफ अंक म्हणजे नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या. ६०० मिलिमीटर एफ ४ च्या भिंगाला १५० मिलिमीटर व्यासाचा काचेचा डोळा हवा. म्हणूनच ते तीन किलोंच्या घरात जाते आणि त्याची किंमत सामान्य माणसाला झोप लागू देत नाही. एफ ५.६ चे भिंग त्याच्या निम्मा प्रकाश घेते, परंतु खांद्यावर वाहता येते. फिल्मच्या काळात सालवनातल्या पहाटे हा निम्मा प्रकाश गमावणे म्हणजे चित्रच गमावणे होते. आजचे संवेदक मंद प्रकाशातही बरेच काही वाचतात, त्यामुळे एफ ५.६ किंवा ६.३ चे भिंग पुरेसे ठरते. दुपटीचा जोड लावून भिंग लांबवण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने प्रकाश एक चतुर्थांश उरतो आणि रेखीवपणाही घटतो. १.४ पटीचा जोड निम्मा प्रकाश घेतो. लावायचाच तर तो लावावा.

तिसरा विचार स्थैर्याचा. ५०० मिलिमीटरच्या भिंगाने हातात धरून चित्र काढायचे तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून मंद नसावे, असा जुना दंडक आहे. १९९५ पासून कंप शमवणारी भिंगे आली आणि हा दंडक सैल झाला. पण ती यंत्रणा आपला हात स्थिर करते, धावणाऱ्या हरणाला नव्हे. जीपच्या कठड्यावर ठेवायला कापडाची एक पिशवी शिवून न्यावी आणि तेथे पोचल्यावर तांदळाने भरावी. तिच्याइतका स्वस्त आणि विश्वासू आधार मला दुसरा सापडला नाही. इंजिन मात्र बंद करवून घ्यावे. दुपारी तापलेल्या कुरणावर हवा थरथरते, तेव्हा कितीही महागडे भिंग धूसरच चित्र देते. त्या वेळी कॅमेरा ठेवून दुर्बिणीने पाहावे.

सिरपूर आणि यशवंत सागर ही इंदूरची दोन्ही जलस्थाने २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. तेथील पाणपक्ष्यांसाठी, आणि सैलान्याच्या माळासाठी, मात्र ५०० किंवा ६०० मिलिमीटर लागतात. सैलान्याला १९८३ मध्ये खरमोरासाठी अभयारण्य झाले. ज्याला मराठीत तणमोर म्हणतात त्यालाच माळव्यात खरमोर म्हणतात. ‘तण’ काय आणि ‘खर’ काय, दोन्ही गवतच. पावसाळ्यात नर गवताच्या वर उसळी मारून मादीला आपली जागा कळवतो. शंभर मीटरांवरून ६०० मिलिमीटरनेही त्या दीड फुटी पक्ष्याची प्रतिमा तीन मिलिमीटरांची भरत नाही. येथे भिंग संपते आणि पुढे पाऊल टाकण्याचा मोह सुरू होतो. माझी गोष्ट याच ठिकाणची आहे. फक्त पक्षी निराळा होता.

१९७८ चा ऑगस्ट. मी नुकताच अध्यापक झालो होतो. माझ्याकडे १३५ मिलिमीटरचे एक उसने भिंग होते. शहराच्या पश्चिमेकडील एका तळ्याच्या उथळ पाण्यात सारसांच्या जोडीने गवताचा ढीग रचून घरटे केले होते आणि त्यात दोन अंडी होती. बांधावरून सारस माझ्या चौकटीत बोटाच्या पेरासारखे दिसत. मी पाण्यात उतरलो. एक पक्षी ओरडत दूर गेला. दुसरा मान उंच करून घरट्याशी उभा राहिला. मी कॅमेरा उभा धरून अकरा चित्रे घेतली. मग तोही गेला. मी समाधानाने परतलो आणि बांधावर चढून मागे पाहिले, तेव्हा घरट्यावर दोन कावळे होते. मी ओरडलो, हात हलवले. सारस धावत आले, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

त्यांतले एक चित्र शहरातल्या प्रदर्शनात लागले आणि त्याला पारितोषिकही मिळाले. गुरुजी पाहायला आले. बराच वेळ उभे राहिले. मग विचारले, ‘भिंग कोणते?’ मी म्हणालो, ‘एकशे पस्तीस.’ उभ्या चित्रात सारस बरोबर निम्मी उंची व्यापत होता, म्हणजे फिल्मवर १८ मिलिमीटर. सारस सुमारे १६० सेंटिमीटर उंच. गुरुजींनी बोटांवर हिशेब केला आणि हळूच म्हणाले, ‘बारा मीटर.’ थोडे थांबून त्यांनी विचारले, ‘अंडी होती?’ मी मान हलवली. पुढचे त्यांनी विचारले नाही. मीच बाहेर चहाच्या दुकानात बसून सांगितले. त्यांनी उपदेश केला नाही. घरी गेल्यावर मी ते पारितोषिक कपाटात ठेवले, ते अद्याप तेथेच आहे.

त्या दिवशी मला कळले की प्रत्येक छायाचित्रात ते काढणारा कोठे उभा होता याची साक्ष उमटलेली असते. भिंग आणि प्राणी ठाऊक असले की जाणत्याला ते अंतर मोजता येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणे ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच घातले आहे. रालामंडळच्या टेकडीवर होळकरांची शिकारगाह आहे. १९८९ पासून तेथे अभयारण्य आहे. बंदूक गेली आणि कॅमेरा आला, एवढ्यावरून शिकार संपली असे समजण्याचे कारण नाही.

मराठीत ‘टिपणे’ हे क्रियापद मोठे बोलके आहे. शिकारी पाखरू टिपतो, छायाचित्रकार क्षण टिपतो, पाखरू स्वतः दाणे टिपते आणि विद्यार्थी वहीत टिपण करतो. आपण यांतले कोणते टिपणे करतो आहोत, हे आपल्या आणि प्राण्याच्या मधल्या अंतरावरून ठरते. लांब भिंगाचे खरे मोल त्यात आहे. ते आपल्याला दूर राहण्याची सवलत देते. भिंग लांब घेऊन पुन्हा पुढे सरकायचे असेल, तर पैसे वाया गेले असे समजावे.

तेव्हा माझ्या तरुण मित्रांनो, भिंग विकत घेण्यापूर्वी शक्य असल्यास चार दिवस भाड्याने घ्या. सिरपूरच्या काठावर जाऊन पाणकावळ्यांवर हात बसवा. वजन पेलते का ते पाहा. आणि निघण्यापूर्वी कागदावर एक आकडा लिहा: या प्राण्याच्या मी किती जवळ जाणार नाही. आधी तो आकडा, मग त्याला पुरेल ते भिंग. आणि खिशाला परवडणारे भिंग त्या आकड्याला पुरत नसेल, तर प्राणी चित्रात लहान येऊ द्या. मी त्या सारसांना बोटाच्या पेराएवढेच राहू दिले असते, तर माझ्याकडे तळ्याचे, पावसाचे आणि दोन पक्ष्यांचे एक साधे चित्र असते. ते मी आज येथे आणून तुम्हांला दाखवले असते.