नभोवाणी आणि गांवची बैठक

नभोवाणीवरून खेड्याविषयीं बोलणें सोपें. खेड्याला बोलतें करणें मात्र फार अवघड. शहरांतील तज्ज्ञानें ध्वनिक्षेपकासमोर बसून खताची महती सांगावी आणि चावडीवरील यंत्राभोंवतीं जमलेल्या मंडळींनीं ती मुकाट्यानें ऐकून घरीं जावें, हा प्रकार पुष्कळ वर्षें चालला होता. ऐकणाऱ्यास शंका आली तर ती विचारावयाची कोणाला? यंत्राला तोंड होतें, कान नव्हते.

ते कान बसविण्याचा एक प्रयत्न १९५६ मध्यें पुणें केंद्रानें केला. २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालेलें हें केंद्र तेव्हां जेमतेम सव्वादोन वर्षांचें होतें. कॅनडांत १९४१ पासून शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांची प्रथा रूढ झालेली होती. युनेस्कोच्या साह्यानें ती इकडे आणण्यांत आली. तत्कालीन मुंबई राज्यांतील पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतून सुमारें दीडशें गांवें निवडण्यांत आलीं.

फेब्रुवारी ते एप्रिल या अवधींत, दर आठवड्यास दोन याप्रमाणें, अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. गांवोगांव सुमारें वीस माणसें एकत्र बसून ते ऐकत. पण खरें काम कार्यक्रम संपल्यावर सुरू होई. यंत्र बंद झालें कीं चर्चा चाले: पुण्याच्या पंडिताचें म्हणणें आपल्या जमिनीस लागू पडतें काय? पडत असेल तर पैसा कोठून आणावयाचा? आणि पुढाकार कोणीं घ्यावयाचा? मंडळाचा चिटणीस त्याचा वृत्तांत लिहून, निघालेल्या शंकांसह, केंद्राकडे धाडी आणि पुढील एखाद्या कार्यक्रमांत त्यांचीं उत्तरें दिलीं जात. आपल्या गांवचा प्रश्न पुण्याहून आपल्याच कानीं पडणें यांत केवढा मान होता, हें शहरी माणसास सहसा उमगावयाचें नाहीं. त्याच्या तक्रारीस वर्तमानपत्राचा रकाना मिळत असतो.

या प्रयोगाची परीक्षा टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनें पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञांनीं केली. व्हिएन्नाचे हे गृहस्थ १९३८ व १९३९ या वर्षीं नाझींच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत होते. जेथें माणसाच्या शब्दास कवडीचें मोल नव्हतें तेथून सुटून आलेला विद्वान आतां देशावरील शेतकऱ्याचा शब्द टिपून ठेवीत होता. हा योगायोग सहज सोडून देण्याजोगा नव्हे. मंडळें असलेलीं गांवें, नुसतें यंत्र असलेलीं गांवें आणि यंत्रहि नसलेलीं गांवें यांची त्यांनीं तुलना केली. मंडळें होतीं तेथें लोकांच्या माहितींत भरघोस वाढ दिसली. इतरत्र ती नाममात्रच होती. पण याहून मोठी गोष्ट निराळीच घडली. हीं मंडळें पाहतां पाहतां गांवचे निर्णय करूं लागलीं आणि निवडून आलेल्या पंचायतीपेक्षांहि सार्वजनिक कामें लौकर मार्गीं लावण्याची शक्ति त्यांच्या ठायीं दिसूं लागली. पंचायतींतील कारभाऱ्यांस हें कितपत रुचलें असेल, याची कल्पना कोणाहि गांवकऱ्यास करतां येईल.

१९५९ मध्यें ही योजना देशभर पसरली आणि पसरतां पसरतां पातळ झाली. दीडशें गांवांचे कागद वाचणें एका केंद्रास साधलें. हजारों गांवांचे कोणीं वाचावे? ज्या पत्रास उत्तर येत नाहीं त्याच्यामागून दुसरें पत्र सहसा जात नाहीं. यंत्र बिघडलें, दुरुस्तीस माणूस आला नाहीं, कीं बैठक मोडलीच.

पुढें २००६ मध्यें केंद्र सरकारनें स्वयंसेवी संस्थांस सामुदायिक नभोवाणी चालविण्याची मोकळीक दिली आणि २००८ मध्यें म्हसवड येथें माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. हा माण तालुका म्हणजे त्या जुन्या उत्तर साताऱ्याचाच दुष्काळी भाग. लहान केंद्राचा आवाज फार दूर जात नाहीं. पण बोलणारा आणि ऐकणारा एकाच बाजाराला जाणारे, म्हणून शंकेस टपालाची वाट पाहावी लागत नाहीं. पुण्याच्या प्रयोगांत जें अंतर पत्रांनीं तोडावें लागलें, तें येथें मुळांतच थोडें. अडचण आली ती निराळी. २००६ च्या नियमांनीं अशा केंद्रांस बातम्या आणि राजकारण या दोहोंची मनाई केली. गांवची बैठक तर त्यांच्यावांचून घटकाभरहि चालत नाहीं.