हवेची पिशवी आणि तिच्या पोटांतील रसायन

औंढा नागनाथाच्या दर्शनास हिंगोलीहून निघालेली मोटार, वाटेंत म्हैस आडवी आल्यामुळें, एकाएकीं बाभळीवर आदळली अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. चालकाचें डोकें स्टीअरिंगवर आपटण्यापूर्वींच त्यांतून एक पिशवी फुगून वर येते व तें डोकें झेलते. पापणी लवण्याच्या आंत हें सारें घडतें.

इतक्या त्वरेनें पिशवी फुगविण्याचें काम कोणत्याही पंपाला साधणारें नाहीं. भज्यांच्या पिठांतील सोडाही वायु सोडतो, परंतु सावकाश. म्हणून प्रथम योजना झाली ती सोडियम अझाइडची. या पुडीच्या कणांत सोडियमच्या एका अणूला नत्राचे तीन अणु जोडलेले असतात. विजेच्या ठिणगीनें ती सुमारें 300 अंशांपर्यंत तापली कीं विघटन पावते. 130 ग्रॅम पुडींतून, शून्य अंशावर मोजल्यास, 67 लिटर नत्रवायु निघतो. हवेचा जवळजवळ चार-पंचमांश भाग याच वायूचा. त्याचें भय नाहीं. मागें राहणारा सोडियम मात्र दाहक! त्याचा सोरा व वाळूची पूड यांशीं संयोग घडवून कांचेसारखा निरुपद्रवी पदार्थ बनवीत.

अझाइड स्वतः जहाल विष असल्यानें 1990 नंतर तें मागें पडलें आणि ग्वानिडीन नायट्रेटसारखीं द्रव्यें आलीं. टाकाटा या जपानी कंपनीनें मात्र स्वस्त अमोनियम नायट्रेट पत्करलें. शेतकऱ्यांना हें खत म्हणून ठाऊक आहे, आणि पावसाळ्यांत तें किती लवकर ओलावतें हेंही. वर्षानुवर्षें ओल व उष्णतेचे चढउतार सोसून त्याच्या वड्या भुसभुशीत झाल्या. अखंड ओंडका सावकाश जळतो, भुसा भडकतो; तोच प्रकार येथें झाला. दाब अनावर होऊन धातूचें नळकांडेंच फुटे व त्याचे तुकडे चालकाच्या गळ्यांत घुसत. जगभर माणसें दगावलीं, कोट्यवधि गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि 2017 सालीं कंपनीचें दिवाळें वाजलें. भारतांतही होंडा कंपनीनें 2016 सालीं सुमारें 1 लाख 90 हजार गाड्या याच कारणास्तव परत बोलावल्या.

मराठवाड्याचा वैशाख आणि त्यामागून येणारा दमट श्रावण अशा द्रव्यास मुळींच मानवणारे नव्हेत. त्या काळांतील जुनी मोटार घेणाऱ्यानें तिचा चॅसिस क्रमांक कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे दाखवावा. परत बोलावलेल्या गाडींतील नळकांडें विनामूल्य बदलून मिळतें.