हातातील विद्या



देवालय हे केवळ उपासनेचे स्थान नव्हे. गावच्या कसबाचेही ते आश्रयस्थान होते. रथ घडविणारा सुतार, समई ओतणारा कारागीर, पालखीपुढील वाजंत्री यांची विद्या श्रींच्या सेवेतच पित्याकडून पुत्राकडे जाई. महाजनांच्या घरी मात्र लेखणीला मान आणि हत्याराला कमीपणा, हा भेद राहिला. त्याची किंमत आज आपलीच मुले मोजीत आहेत.

१९६१ च्या मुक्तीनंतर, पेडण्याचेच सुपुत्र भाऊसाहेब बांदोडकर यांच्या राजवटीत खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या. विद्या दारी आली. परंतु विद्या म्हणजे सरकारी कचेरीतील खुर्ची, ही समजूतही तिच्यासोबत घरोघरी रुजली. खुर्च्या मोजक्या आणि उमेदवार अगणित!

डिचोली महालाचा अनुभव याहून कठोर आहे. २०१२ साली खाणी थांबल्या. पुढे काही काळ चालून मार्च २०१८ मध्ये त्या पुन्हा बंद पडल्या. टिपर अंगणात उभे राहिले, कर्जाचे हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. ज्याला इंजिन खोलून पुन्हा जोडता येते, त्याला दुसरे गाव, दुसरे गॅरेज मिळू शकते. ज्याची मिळकत केवळ खनिजाच्या फेऱ्यांवर होती, त्याने काय करावे? धंदा जागेचा असतो. विद्या हाताची असते.

पेडण्यात मोपाच्या पठारावर ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. जमीन गावची गेली. म्हणून काम गावाला मिळावे, ही मागणी न्याय्यच आहे. परंतु वीज, वातानुकूलन, यंत्रदुरुस्ती यांचे ज्ञान नसेल तर त्या मागणीस बळ कोठून येणार?

डिचोली व पेडणे या दोन्ही ठिकाणी सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. वीजतंत्री, जोडारी यांसारखे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर काही एकाच वर्षाचे असतात. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात विद्यावेतनासह अनुभव घेता येतो. ही वाट मुलींनाही तितकीच मोकळी आहे.

देवस्थानाने एवढे करावे: दहावीच्या निकालानंतर मुलांना व पालकांना सभामंडपात बोलावून या वाटा समजावून द्याव्यात, गरजूंना हत्यारांसाठी साहाय्य करावे, आणि गुणगौरव समारंभात पदवीधरांच्या पंक्तीस वीजतंत्र्यालाही बसवून तोच श्रीफळ, तीच शाल द्यावी. मान मिळाला की मुले आपणहून वळतील.

श्रींच्या कृपेने तशी सुबुद्धी सर्वांस होवो.