स्वप्नदोषात दोष कोठे?

(युवक व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



जळगाव काय, धुळे काय, बसस्थानकाच्या परिसरात ‘धातुक्षयावर हमखास इलाज’ अशा जाहिराती भिंतीवर दिसतात. त्या वाचून पंधरा वर्षांचा मुलगा मनात झुरतो आणि पुस्तकांसाठी दिलेले पैसे भोंदू वैदूच्या हाती ठेवतो. वडिलांना विचारावे तर धाक, आईला विचारावे तर लाज! म्हणून आज स्पष्ट बोलणे मी कर्तव्य मानतो.

वयात आल्यावर वीर्यनिर्मिती अखंड चालते. झोपेत ते अधूनमधून बाहेर पडणे हा शरीरधर्म आहे. कोणाला हे वरचेवर होते, कोणाला क्वचित, कोणाला मुळीच नाही, तिन्ही स्वाभाविकच. रक्ताच्या अमुक थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, या समजुतीला शरीरशास्त्राचा आधार नाही. यामुळे स्मरणशक्ती घटत नाही, वंध्यत्वही येत नाही. थकवा व धडधड बहुधा भीतीपोटी येते. या भयग्रस्त अवस्थेला डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले.

मग ब्रह्मचर्याचे काय? चरकसंहितेने आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले. त्याच ग्रंथात रोखू नयेत अशा १३ वेगांत रेताची गणना आहे. इच्छेविना स्वप्नात स्खलन झालेल्या ब्रह्मचाऱ्यास मनुस्मृती स्नान, सूर्यपूजन व एका ऋचेचा त्रिवार जप एवढेच सांगते. ब्रह्मचर्य ही जागृत मनाची साधना आहे; निद्रेतील शरीरधर्माचा जाब तिच्याकडे मागू नये.

डॉक्टरांकडे जावे ते लघवीची जळजळ, जागेपणी पुवासारखा स्राव, वीर्यात रक्त किंवा वृषणात गाठ दिसल्यास. वृषणात अचानक तीव्र वेदना झाल्यास क्षणाचाही विलंब नको. काही तासांत तो निकामी होऊ शकतो. धुळे व जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पौरुषाची खरी हानी तंबाखू आणि अनियंत्रित मधुमेह करतात. लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हेही मुलांना सांगावे.

१९२६ मध्ये धुळ्यातच देह ठेवणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास निःसंकोच लिहिला. त्यांच्या या भूमीत पित्याला पुत्राशी चार वाक्ये बोलता येऊ नयेत काय? मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याला जवळ बसवून एवढे सांगा: “हे होते, मलाही झाले, घाबरू नकोस.” भिंतीवरची जाहिरात त्याला गाठण्यापूर्वी हे आपले शब्द त्याच्यापर्यंत पोचले पाहिजेत.