आजोबांची ट्रंक आणि शाळेचं कपाट
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल' हा विषय दिला होता. तो मी त्यांना न विचारता बदलला आहे. वाटचाल काय, सगळ्यांचीच होते. मी आज माझ्या आजोबांच्या कागदांबद्दल बोलणार आहे. त्या कागदांतला एक या शाळेच्या कपाटात निघाला, म्हणून.

आठवीत इतिहासाच्या तासाला मी हात वर करून सांगितलं होतं, "बाई, माझ्या आजोबांनी हैफा जिंकलं." बाई समोरच बसल्यात, त्यांना आठवत असेल. त्यांनी शांतपणे विचारलं, "हैफाची लढाई २३ सप्टेंबर १९१८ ची. आजोबांचा जन्म कधीचा?" जन्म १९३२ चा. वर्ग आठवडाभर हसत होता.

पण चूक पूर्णपणे माझी नव्हती. आजोबा ६१ व्या कॅव्हलरीत होते. संस्थानं विलीन झाल्यावर त्यांची घोडदळं एकत्र करून १९५३ साली ही रेजिमेंट उभी राहिली. हैफाला भाले घेऊन तोफा-मशीनगनवर चालून गेले ते जोधपूर आणि म्हैसूरचे लान्सर्स, आणि त्यांचा वारसा या रेजिमेंटकडे आला. त्यामुळे हैफाबद्दल आजोबा "आम्ही" असंच म्हणायचे. आपण नाही का म्हणत, "आपण पानिपत हरलो"? या रेजिमेंटमध्ये राजपूत, कायमखानी आणि मराठा अशी भरती होते. त्यातल्या मराठ्यांत आमच्या गावचा एक पोरगा १९५४ साली स्वार म्हणून लागला आणि वीस वर्षांनी दफेदार होऊन घरी आला. बाकीच्या रेजिमेंटना रणगाडे मिळाले, यांच्याकडे घोडीच राहिली. रणगाड्यावरच्या जवानालाही अजून स्वार आणि दफेदारच म्हणतात, याचं आजोबांना फार समाधान होतं. "बघ, नाव आमचंच चालतंय."

२०१८ च्या पावसाळ्यात आजोबा गेले. त्यांची पेन्शन थांबली आणि आजीची कुटुंब पेन्शन सुरू व्हायची होती. अर्ज केला, तो परत आला. कारण एका ओळीत होतं: पत्नीचे नाव जुळत नाही.

फौजेत किंड्रेड रोल नावाचा एक कागद असतो, म्हणजे जवानाच्या जवळच्या नातेवाइकांची नोंद. त्यात आजीचं माहेरचं नाव होतं. आधार कार्डावर, रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर सासरचं. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात, ते कुठल्या राजपत्रात छापून येत नाही. बरं, आजोबांनी जुनंच नाव का सांगितलं? कारण आजी त्यांच्या मामाची मुलगी. लहानपणापासून ते तिला त्याच नावानं ओळखत होते. लग्नानंतर चारचौघांत "अगं" म्हणायचे आणि कोणी जवळ नसलं की जुन्या नावानं हाक मारायचे. मी स्वतः ऐकलंय. कारकुनानं बायकोचं नाव विचारल्यावर त्यांच्या तोंडात तेच आलं असणार.

इथं मला एक कबूल करायचं आहे. चोवीस वर्षांची असताना मी एका प्रणालीसाठी नावं ताडून पाहायचा कोड लिहिला होता. दोन नोंदींतलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं नाही तर अर्ज बाद. काम वेळेआधी झालं म्हणून माझं कौतुकही झालं होतं. बाद झालेल्या अर्जापलीकडे कोणी माणूस बसलेला असेल, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. आता माझी आजी बसली होती. बँकेत तिचा अंगठा यंत्रावर ठेवला तर तोही उठेना. शेतात आणि चुलीपाशी इतकी वर्षं घासून रेषाच राहिल्या नव्हत्या. मशीनवाला मुलगा म्हणाला, "आजी, जोरात दाबा." ती दाबत राहिली.

दोन्ही नावं एकाच बाईची, एवढं दाखवायला जुना कागद हवा होता. ट्रंक उघडली. डिस्चार्ज बुक, १९६५ चं रक्षा पदक, खरारा करायचा एक झिजलेला ब्रश आणि मनिऑर्डरच्या कुपनांचा गठ्ठा. डिस्चार्ज बुकात जन्मतारीख १ जून. (हसू नका, इथल्या निम्म्या जणांचे वडील १ जूनलाच जन्मलेत, आपल्या गुरुजींच्या कृपेनं.) कुपनांवर मजकूर ठरलेला: पैसे पाठवले आहेत, घोडी बरी आहे. आजीची जन्मभराची तक्रार, "घोडीचं लिवायचं, माझं कधी इचारायचं न्हाई." पण कुपनांवर आजीचं नावच नव्हतं. कुठलंच.

मग बाबांना आठवलं, की ते पाचवीत या शाळेत आले तेव्हा नादारीसाठी अर्ज केला होता. वडील जयपूरला, म्हणून पालक आजी. मी शाळेत आले. ऑफिसातले आपले भाऊ तेव्हा निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी ते सायकलवर आले, कपाटावर चढले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १९६७ ची फाईल घेऊन खाली उतरले. तिच्यात तो अर्ज होता. खाली आजीचा अंगठा. शेजारी मुख्याध्यापकांनी स्वतःच्या हातानं सासरचं नाव, 'उर्फ', माहेरचं नाव लिहून सही-शिक्का केला होता. त्यांना हे लिहायची काही गरज नव्हती. कोणी मागितलंही नसणार. बहुधा त्यांनी आजीला नाव विचारलं असेल, ती दोनदा दोन सांगून गेली असेल, आणि त्यांनी दोन्ही लिहून ठेवली.

एवढ्यावर काम झालं नाही. प्रतिज्ञापत्र लागलं, दोन साक्षीदार लागले, तालुक्याला खेपा झाल्या. पण यावेळी अर्ज परत आला नाही. चौदा महिन्यांनी मागची सगळी रक्कम एकदम जमा झाली.

मूळ अर्ज शाळेच्या कपाटातच आहे. मला झेरॉक्स मिळाली, तीही भाऊंनी पोच लिहून घेतल्यावर. ती मी आजीला दाखवली. तिला वाचता येत नाही. नावांवरून तिनं नुसतं बोट फिरवलं आणि खालच्या काळ्या ठशापाशी थांबली.

"बघ," म्हणाली, "तवा कसा उठला हुता अंगठा."