धूळपाटी आणि तबकडी

एखाद्या विषयाच्या अगदी प्रारंभीच्या अभ्यासाला मराठीत ‘धुळाक्षरे गिरविणे’ असे म्हणतात. हा शब्दप्रयोग आता केवळ अलंकार म्हणून उरला असला, तरी एके काळी तो शब्दशः खरा होता. जुन्या पंतोजींच्या शाळेत मुलाच्या पुढ्यात धुळीचा पाट येई आणि मूल त्या धुळीत अक्षर काढी. अक्षर चुकले की धूळ सारखी करावी आणि पुन्हा आरंभ करावा. कागद महाग होता. धुळीला मोल पडत नव्हते. परंतु धूळपाटीचा गुण केवळ स्वस्ताईचा नव्हे. चुकलेले पुसता येते, या आश्वासनामुळे शिकणाऱ्याला चुकण्याचे भय उरत नाही, हा तिचा खरा गुण.

या गुणाची कीर्ती साता समुद्रांपलीकडे गेली ती मद्रासेहून, म्हणजे १९९६ पासून जिला अधिकृतपणे चेन्नई म्हणतात त्या नगरीतून. अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री १७८७ मध्ये मद्रासेस आले आणि १७८९ मध्ये एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचे अधीक्षक झाले. एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटांनी अक्षरे काढीत असलेली त्यांच्या दृष्टीस पडली. हीच रीत आपल्या आश्रमात आणावी, असे त्यांनी ठरविले. शिक्षकांना ती रुचली नाही. तेव्हा जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याकडे बेल यांनी मुळाक्षरांचा वर्ग सोपविला आणि तो प्रयोग यशस्वी झाला. १७९७ मध्ये बेल यांनी त्याचा वृत्तांत इंग्लंडात प्रसिद्ध केला. थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवावयाचे आणि आरंभीचे लेखन वाळूत करावयाचे, ही पद्धती तेथे ‘मद्रास पद्धती’ याच नावाने रूढ झाली. बेल यांच्या जन्मगावी, सेंट अँड्र्यूज येथे, त्यांच्या देणगीतून निघालेली शाळा आजही ‘मद्रास कॉलेज’ म्हणून ओळखली जाते.

त्याच नगरीत लेखनाचा अगदी उलट प्रकारही जतन करून ठेवलेला आहे. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या तेथील सरकारी प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात ताडपत्रांचा फार मोठा संग्रह आहे. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरावयाचे आणि मग त्या रेघांत काजळी भरावयाची, अशी रीत होती. कोरलेले अक्षर पुन्हा पुसता येत नाही. चूक झाली तर ती तशीच राहते. मात्र याच कारणाने ते अक्षर कित्येक पिढ्यांना पुरते. लेखनाकडून मनुष्याने नेहमी दोन परस्परविरुद्ध गोष्टी मागितल्या आहेत: राखावयाचे ते अढळ राहावे आणि नको असेल ते पुसता यावे.

घरगुती संगणकाबरोबर आलेल्या तबकड्यांत हीच दोन मागणी दोन रूपांनी दिसते. सीडी-आर नावाची तबकडी ताडपत्राच्या कुळातली. तिच्या अंगात रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेसर किरणाने त्यावर एकदा उमटलेली खूण कायमची. १९९७ मध्ये बाजारात आलेली सीडी-आरडब्ल्यू मात्र धूळपाटीच्या कुळातली. तिच्यातील थर चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा असतो. टेल्युरियमयुक्त काही पदार्थ दोन अवस्थांमध्ये उलटसुलट नेता येतात, या गोष्टीकडे स्टॅनफर्ड ऑव्हशिन्स्की या अमेरिकन संशोधकाने १९६८ मध्ये जगाचे लक्ष वेधले होते. त्याच तत्त्वावर ही तबकडी उभी आहे.

पहिल्या अवस्थेत त्या मिश्रधातूचे कण स्फटिकासारखे शिस्तीने रचलेले असतात आणि प्रकाश बऱ्यापैकी परतवितात. दुसऱ्या अवस्थेत ती शिस्त मोडलेली असते आणि प्रकाश कमी परततो. लिहिताना लेसर किरण सूक्ष्म बिंदूला इतका तापवितो की तो क्षणभर वितळतो. लगेच निवाल्यामुळे कणांना रांगेत बसण्यास अवसर मिळत नाही आणि तेथे खूण राहते. पुसताना तोच किरण सौम्य केला जातो. आता बिंदू वितळत नाही, केवळ सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि कण पुन्हा रांगेत बसतात. पंतोजींच्या पाटावरची धूळ हाताने सारखी व्हावी, तसेच हे. असे सुमारे १,००० वेळा करता येते. साध्या सीडीपेक्षा ही तबकडी प्रकाश पुष्कळच कमी परतविते; म्हणून जुन्या गाणी वाजविणाऱ्या यंत्रांपैकी कित्येकांना ती वाचता येत नसे.

येथवर सारे सरळ आहे. परंतु संगणकाला ‘पूस’ अशी आज्ञा दिली म्हणजे तो नेमके काय पुसतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुसण्याचे प्रकार दोन आहेत. त्वरित पुसणे एकदोन मिनिटांत उरकते. त्यात तबकडीच्या आरंभी असलेली केवळ अनुक्रमणिका नाहीशी होते. ग्रंथाचे पहिले पान फाडावे आणि बाकीचा ग्रंथ फडताळात तसाच ठेवावा, त्यातला हा प्रकार. संगणक तबकडी कोरी असल्याचे सांगतो, पण नवा मजकूर वर चढेपर्यंत जुना मजकूर तेथेच असतो, आणि जाणकाराला विशेष साधनांनी तो वाचता येणे अशक्य नसते. पूर्ण पुसण्यात मात्र तबकडीची सारी नागमोडी वाट आरंभापासून शेवटापर्यंत तापविली जाते. ७४ मिनिटांच्या तबकडीला, यंत्राचा वेग चौपट असेल तर, त्यासाठी सुमारे १९ मिनिटे लागतात.

यातून व्यवहाराचा नियम निघतो. तबकडी स्वतःच्याच घरी पुन्हा वापरावयाची असेल, तर त्वरित पुसणे पुरते. ती दुसऱ्याच्या हाती जाणार असेल किंवा भंगारात टाकावयाची असेल, आणि तिच्यावर बँकेचे हिशेब, प्रकृतीचे अहवाल किंवा घरगुती पत्रव्यवहार असेल, तर पूर्णच पुसावी. सीडी-आरची गोष्ट निराळी. तिच्यावरील धारिका संगणकात ‘काढून टाकली’ तरी फक्त तिचे नाव दिसेनासे होते. मजकूर जात नाही आणि जागाही परत मिळत नाही. ती तोडून टाकणे हाच एक उपाय.

चेन्नईत अण्णा सालैजवळच्या रिची स्ट्रीटवर, संगणकाच्या साहित्यासाठी प्रसिद्ध असलेल्या बाजारात, एके काळी या तबकड्या सर्रास मिळत. आता नव्या संगणकांत त्या घालण्याची सोयही बहुधा नसते. बाहेरून जोडावयाचे यंत्र आणावे लागते. मात्र घरोघरी त्या काळच्या पेट्या अद्याप आहेत. लग्नमुंजीची छायाचित्रे, वडीलधाऱ्यांचे आवाज, नोकरीनिमित्त दूर गेलेल्या मुलांची पत्रे त्यांत आहेत. कित्येक श्रोत्यांच्या कपाटातही अशी एखादी पेटी असेल. समुद्रकाठच्या शहरातील दमट हवा या ठेव्याला मानवत नाही. २०१५ च्या डिसेंबरात अड्यार नदीला पूर आला तेव्हा चेन्नईतील असंख्य घरांत पाणी शिरले. एकाच घरी, एकाच पेटीत ठेवलेली आठवण किती असुरक्षित असते, हे अशा वेळी कळते.

म्हणून पुसण्याचा विचार राखण्याच्या विचारानंतर यावा. सरकारी दफ्तरात कागद नष्ट करण्यापूर्वी त्यांचे वर्ग पाडतात: काही कायम राखावयाचे, काही ठराविक मुदतीपर्यंत, काही लवकर निकाली काढावयाचे. घरातल्या तबकड्यांचीही अशीच वर्गवारी करणे अवघड नाही. जे कायमचे आहे, त्याच्या दोन प्रती कराव्यात आणि त्या दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. प्रत केल्यावर ती उघडून वाचून पाहावी, आवाज असेल तर ऐकावा. नुसते नाव दिसले म्हणजे मजकूर उतरला असे समजू नये. इतके झाले म्हणजे मूळ तबकडी निःशंकपणे पुसावी. पुसण्यात कृतघ्नता नाही. सारेच राखू म्हणणाऱ्याच्या घरात हवे ते सापडत नाही, आणि न सापडणारा ठेवा जवळजवळ नसल्यासारखाच.

धुळीच्या पाटावर मुलाने अक्षर काढावे, पंतोजींनी ते पाहावे आणि मगच धूळ सारखी व्हावी, हाच क्रम स्वाभाविक. पुसले जाई ते धुळीतले. अक्षर तोवर मुलाच्या हातात बसलेले असे. तबकडीलाही हाच न्याय लागू आहे. तिच्यावरील मजकूर अन्यत्र सुखरूप पोहोचला, याची खात्री ज्याने करून घेतली, त्यालाच ती पुसण्याचा अधिकार.