अंगाचा घसारा कोण धरणार?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकीत भावाची चर्चा होते, कर्जाची होते, विजेची होते. आज आम्ही एका वेगळ्या खर्चाचा हिशेब मांडणार आहोत. हा खर्च आपण दर हंगामात करतो आणि कोणत्याही वहीत लिहीत नाही. तो खर्च म्हणजे आपले अंग.

कृषिमूल्य आयोग कापसाचा आणि ज्वारीचा उत्पादन खर्च काढतो. त्यात बियाणे, खत, औषध, बैल, मजुरी धरतो. अवजारांचा घसाराही धरतो. डवरा झिजतो, पंप झिजतो, ती झीज खर्चात येते. घरच्या माणसांच्या कष्टाला मजुरीचा दर लावला की विषय संपला. पण डवरा धरणाऱ्याची कंबर झिजते, पंप वाहणाऱ्याचा खांदा झिजतो, निंदणाऱ्या बाईचे गुडघे झिजतात. लोखंडाला घसारा आहे, माणसाला नाही. पंप मोडला तर नवा आणता येतो. कंबर कोणत्या दुकानात मिळते?

आता आकडे घ्या. हातपंपाने एक एकर पऱ्हाटी फवारायला सुमारे २०० लिटर पाणी लागते. १६ लिटरचा पंप धरला तर एकरी बारा-तेरा पंप झाले. भरलेला पंप वीस किलोच्या घरात जातो. दिवसाला तीन एकर मारणारा गडी हे ओझे सदतीस-अडतीस वेळा पाठीवर चढवतो. आणि झाकणातून गळते ते पाणी नसते, विष असते.

२०१७ साल आपण विसरलेलो नाही. त्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. हवा दमट होती, अंगाला घाम होता. दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारली जात होती. नंतर सांगितले गेले, शेतकऱ्याने काळजी घेतली नाही. प्लॅस्टिकचा झगा, चष्मा आणि तोंडाला मुसके बांधून ऑक्टोबरच्या उन्हात वावरात तासभर चालून दाखवा, मग काळजीचे बोला! आपल्या उन्हाला सोसेल असे कपडे तयार करणे हे औषध विकणाऱ्यांचे काम आहे. ते त्यांच्याकडून करून घ्यायचे आहेच. पण तोपर्यंत आपला माणूस मरता कामा नये.

म्हणून पाच गोष्टी गाठीला बांधा. डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. दोन औषधे आपल्या मनाने कालवू नका. वारा पाठीवर घ्या, आणि पीक छातीच्या वर गेले असेल तर पाठपंप घेऊन ओळीत शिरू नका. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका, तार किंवा काडी वापरा. पाठ किंवा मांड्या भिजल्या तर ओळ पुरी होण्याची वाट न पाहता कपडे काढा आणि साबणाने धुवा. विष फक्त तोंडाने जाते हा समज खोटा आहे. ते कातडीतून जाते, आणि जांघेची मऊ कातडी ते सर्वांत लवकर ओढते.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले औषध अंगात गेले की नसांना आवर घालणारी व्यवस्थाच बंद पडते. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ सुटते, घाम फुटतो, स्नायू फडफडतात, छाती भरते. अशा वेळी दूध, तूप, ताक काही पाजू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा बरोबर न्या. त्यावर अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन आहे, पण कोणते विष गेले हे डॉक्टरला कळले तरच उपचार नेमका होतो. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे इंजेक्शन आहे का, हे फवारणीच्या आधी जाऊन विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

आता जे वाचले पण धड राहिले नाहीत, त्यांच्याबद्दल. मळणी यंत्रात हात गेलेला, कडबा कुट्टीत बोटे गेलेला, विहिरीत पडून पाय गेलेला माणूस गावोगाव आहे. कागदावर तो दिव्यांग असतो, गावात लंगडा नाहीतर थोटा. घर त्याला ओट्यावर बसवते आणि भाकरी देते. दया होते, हिशेब होत नाही. तो माणूस कालपर्यंत कास्तकार होता, आजही आहे. पेरणी कधी करायची हे पायाला कळत नसते, डोक्याला कळते.

१९६८ साली जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी एक पाय तयार केला. परदेशी पायावर बूट लागायचा, उकिडवे बसता येत नसे. जयपूर पाय अनवाणी चालतो, चिखलात चालतो, उकिडवा बसतो. शेतकरी कसा बसतो हे पाहून केलेली ती वस्तू आहे. अवजारेही तशीच मागितली पाहिजेत. उभ्याने चालवायचे सायकल कोळपे गुडघे गेलेल्या बाईलाही चालते आणि धडधाकट बाईचे गुडघेही वाचवते.

हक्काचेही ऐका. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व धरले आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्चायचे असतात. ग्रामसभेत उभे राहून विचारा, ते कुठे गेले? शेतकरी अपघाताची जी अनुदान योजना २०२३ साली आली, तिच्यात मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख रुपये आहेत. औषध हाताळताना झालेली विषबाधाही तिच्यात बसते. खातेदार आणि घरातला आणखी एक माणूस एवढ्यांना ती लागू आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, आणि लगेच करायचा.

पण इथेच खरी मेख आहे. पंप बहुधा मजुराच्या पाठीवर असतो, आणि मजुराच्या नावावर सातबारा नसतो. आपल्या वावरात, आपल्या पिकासाठी तो विष अंगावर घेतो आणि योजनेच्या दाराबाहेर राहतो. आपण सरकारकडे आपल्या अंगाचा घसारा मागणार असू, तर त्याच्या अंगाचा घसारा आपणही मानला पाहिजे. नाहीतर आपल्या मागणीत दम नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. फवारणी कोणी केली, किती दिवस सलग केली, कोणाला त्रास झाला, दवाखान्यात किती गेले, किती मजुरी बुडाली. अपंग किती, प्रमाणपत्र किती जणांकडे, पंचायतीचा पैसा किती जणांना मिळाला. मजुरांची नावेही त्यात हवीत. उत्पादन खर्चात हा खर्च धरा असे आपण म्हणू, तेव्हा समोरचा पुरावा मागेल. तो पुरावा कोणी साहेब येऊन लिहिणार नाही. शाळेत जाणाऱ्या पोरीच्या हाती वही द्या, ओट्यावर बसवलेल्या माणसाला सांगू द्या. कोणाच्या अंगाला काय झाले, हे त्याला पुरते ठाऊक आहे.